जुवाखालचा म्हातारा

"हे पान नको. दुसरं कुठलंही काढ," इनासकाका म्हणाले आणि पुस्तक मिटून त्यांनी माझ्याकडे सरकवलं.

आम्ही त्यांच्या केळीच्या वाडीत, विहिरीलगतच्या खोपीत बसलो होतो. चौऱ्याहत्तरचा डिसेंबर होता. दुपारचे तीन वाजले असतील. पंप नुकताच बंद केला होता आणि पाटातलं पाणी अजून हळूहळू पुढे सरकत होतं. गेले दोन महिने मी रोज या वेळेला इथे येत होते आणि काकांनी मला एकदाही कशाला नाही म्हटलं नव्हतं. त्यामुळे क्षणभर मला वाटलं, ते थट्टा करताहेत.

मी त्यांना सांगितलं की पान मी निवडलेलं नाही, उकिडवे सरांनी निवडलंय. त्यांनी स्वतःच्या हाताने पानाचा आकडा लिहून दिलाय. दुसरं पान नेलं तर चालणार नाही.

काका उठले. कोपऱ्यातला कोयता उचलून म्हणाले, "उद्या बघू." आणि केळीत शिरले.

त्या पानाची गोष्ट सांगायची तर थोडं मागे जायला हवं.

मी नलिनी सावे. आमचं घर वसईकडच्या आगाशीजवळ. वडिलांची पानवेलींची वाडी आणि त्यांच्या बांधाला लागून इनास तुस्कानोंची केळीची. आम्ही वाडवळ, ते ख्रिस्ती, पण विहिरीचा पाट दोघांचा एकच. मी मुंबईला प्राचीन इतिहासात एम. ए. केलं आणि पुढे रोमच्या एका इतिहासकारावर प्रबंध लिहायचं मनात घेतलं. जिंकणाऱ्यांच्या बाजूचा हा माणूस हरलेल्यांबद्दल काय लिहितो, हा माझा विषय. माझे मार्गदर्शक डॉ. उकिडवे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, लॅटिन येतं का? मी म्हटलं, नाही, पण इंग्रजी भाषांतर तीनदा वाचलंय. सर म्हणाले, मग तुम्ही तो इतिहासकार वाचलेला नाही, त्याचा इंग्रज भाषांतरकार वाचलाय. त्यापेक्षा मराठ्यांचा इतिहास घ्या, कागद तरी तुम्हाला वाचता येतील.

मला ते लागलं. मी हट्टच धरला. शेवटी सरांनी एका चिठ्ठीवर खंड आणि पान लिहून दिलं. जानेवारी संपायच्या आत हे एक पान मुळातून मराठीत आणा, मग बघू.

पहिली पंचाईत म्हणजे मूळ पुस्तकच मिळेना. ग्रंथालयात त्याचं कार्ड होतं, पुस्तक नव्हतं. ग्रंथपालांनी नोंदवही पाहून सांगितलं की ते चौदा वर्षांपूर्वी हरवलंय. तेव्हापासून ते मागायला आलेली मी पहिलीच. मी दोन-तीन कॉलेजं पालथी घातली, जुन्या पुस्तकांची दुकानं पाहिली. घरी येऊन रडवेली होऊन बसले, तेव्हा वडील पानांच्या कवळ्या बांधताबांधता म्हणाले, "लॅटिन ना? मग इनासला विचार की. आठ वर्षं सेमिनरीत होता तो, पाद्री व्हायला."

मला हे माहीतच नव्हतं. गावात त्याबद्दल कोणी बोलत नसे. जे दबक्या आवाजात बोलत ते एवढंच, की अभ्यास झेपला नाही म्हणून इनासला परत पाठवलं. काकांनी ते कधी खोडलं नव्हतं. दहाएक वर्षांपूर्वी मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, लॅटिनमधून मराठीत आली आणि गावात जे थोडंफार लॅटिन कानावर पडे तेही थांबलं.

मी विचारायला गेले तेव्हा काका पाटाचं तोंड बांधत होते. त्यांनी माझं म्हणणं ऐकलं, हात धुतले आणि मला घरात नेलं. पोटमाळ्यावरून एक पत्र्याची पेटी उतरवली. कुलपाची किल्ली हरवली होती, ते दगडाने तोडावं लागलं. रेजिनाकाकी, त्यांच्या बायको, लाल चौकड्यांच्या लुगड्याला हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. लग्न होऊन तेहेतीस वर्षं झाली, पण पेटीत काय आहे ते त्यांनीही पाहिलं नव्हतं.

वर कडुलिंबाच्या पाल्याचा भुगा. खाली व्याकरण, दोन जाडजूड कोश आणि तळाशी तो इतिहास, पाचही खंड. मुंबईत जे कुठेच नव्हतं ते माझ्या घरापासून दोनशे पावलांवर, पिकायला टांगलेल्या केळीच्या लोंगरांखालच्या पोटमाळ्यात, पस्तीस वर्षं पडून होतं. मी पहिला खंड उघडला तर मला एक अक्षरही कळेना. काकांनी तो माझ्या हातातून घेतला, पहिली ओळ बोटाने धरली आणि वाचायला लागले. अडखळत नव्हते. मिस्सेतल्यासारखं गाऊनही नव्हते म्हणत. समोर बसलेल्या माणसाला काहीतरी सांगावं तसं वाचत होते. काकी माझ्याकडे बघत होत्या आणि मी त्यांच्याकडे.

पुढचे दोन महिने मी शिकले, ते कुठल्याही वर्गात शिकले नसते. काकांनी सुरुवात वाडीतूनच केली. ते पाणी सोडत आणि मी वही घेऊन त्यांच्यामागून चिखलातून चालत असे. नाविस म्हणजे नाव, पाण्यावरची. नोवुस म्हणजे नवा. विदुआ म्हणजे विधवा. इग्निस म्हणजे अग्नी. युगुम म्हणजे जू, बैलाच्या मानेवरचं. प्रत्येक शब्दाला मी थबकत होते. एवढ्या लांबचे हे लोक, आणि त्यांची नाव आपली, त्यांचं जू आपलं. काका म्हणत, इतकी हरखू नकोस, अजून विभक्ती यायच्यात.

पण विभक्तीनेच मला खरं वेड लावलं. इंग्रजीत शब्दाची जागा बदलली की अर्थ बदलतो. इथे तसं नव्हतं. शब्दाच्या शेपटावर त्याचं नातं लिहिलेलं. 'नांगराने', 'नांगराला', 'नांगराचा' असं आपण म्हणतो तसंच. मग तो शब्द वाक्यात कुठेही ठेवा. आणि क्रियापद बहुतेक शेवटी, आपल्यासारखंच. म्हणजे एखादा सेनापती वाक्यभर घोडा दौडवत जातो आणि तो जिंकला की मेला, ते शेवटच्या शब्दाला कळतं. इंग्रजी भाषांतरकाराला ते आधीच सांगून टाकावं लागलं होतं. मराठीत ते तसंच्या तसं ठेवता येत होतं. नोव्हेंबरात एका दुपारी एक आखं वाक्य मी कोश न उघडता, मनात इंग्रजी न आणता, सरळ वाचलं. त्यात विशेष काही नव्हतं. सैन्याने नदीकाठी तळ दिला, एवढंच. पण मधे कोणी नव्हतं. तो बोलला आणि मी ऐकलं. मी काकांना सांगायला गेले तर ते माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "कळलं मला. मलाही झालं होतं असं, पंधराव्या वर्षी."

आणि आता सरांच्या पानाची वेळ आली, तर याच काकांनी पुस्तक मिटलं होतं.

दुसऱ्या दिवशी गेले तर काका बाजाराला गेले होते. तिसऱ्या दिवशी खोप रिकामी. चौथ्या दिवशी मी गेलेच नाही. पाचव्या दिवशी काकी स्वतः आमच्या दारात आल्या. म्हणाल्या, "तीन रात्री झोपले नाहीत ते. विचारलं तर बोलत नाहीत. तू ये, बाय."

काका खोपीत बसले होते. पुस्तक त्यांनी आधीच उघडून ठेवलं होतं, त्याच पानावर. म्हणाले, "तू वाच. मी ऐकतो. अडलीस तर सांगेन."

पान एका डोंगरी गावाच्या पाडावाचं होतं. रोमन सैन्याने पाच महिने वेढा घालून गाव उपाशी मारलं. शेवटी लोक शरण आले. मग रोमन लोकांनी त्यांच्या रीतीप्रमाणे दोन भाले जमिनीत रोवले, तिसरा त्यांवर आडवा बांधला आणि त्या चौकटीला जू म्हटलं. हरलेल्या प्रत्येकाने शस्त्र टाकून, एका वस्त्रानिशी त्याखालून जायचं. दोन्ही बाजूंना जिंकलेले सैनिक उभे.

इंग्रजीत मी हे तीनदा वाचलं होतं, पण माझ्या डोळ्यांपुढे त्याचं नीट चित्र नव्हतं. मी काकांना विचारलं, चौकट किती उंच असेल? काकांनी न बोलता केळीला टेकू द्यायचे दोन बांबू आणले, रोवले आणि रहाटाचं जुनं जू पडवीतून काढून त्यांवर आडवं बांधलं. माझ्या छातीच्याही खाली. मला म्हणाले, जा.

मी वाकले. नुसती मान घालून भागेना. कमरेत वाकावं लागलं, मग गुडघ्यांतही. माझी वेणी पुढे घसरून चिखलाला लागली. काकी पडवीतून बघत होत्या, त्यांना हसू आलं. त्यात वाईट काहीच नव्हतं, पण माझे कान तापले. पलीकडे जाऊन मी ताठ उभी राहिले तेव्हा मला कोणाच्याच डोळ्यांत बघवेना.

"आता पुढचं वाच," काका म्हणाले.

आधी सरदार गेले. मग तरुण, मग मुलांना कडेवर घेतलेल्या बायका. जो जितका जास्त वाकेल तितकं हसू मोठं. आणि मग या भागाचं शेवटचं वाक्य. इंग्रजीत ते असं होतं: सर्वांत शेवटी नांगर हाकणारा एक म्हातारा वाकून गेला आणि सैनिकांचं हसणं थांबलं. मी त्याचा अर्थ असा लावला होता, की म्हाताऱ्याने सगळ्यांत जास्त मान तुकवली, त्यांची हौस फिटली, खेळ संपला. माझ्या प्रबंधाच्या आराखड्यात मी तसं लिहिलंही होतं.

आता मी मूळ वाक्य शब्दाशब्दाने सोडवत होते. सर्वांच्या मागून. म्हातारा, प्रथमा. मग आरात्रो, नांगर. मी लिहिलं, नांगऱ्या. आणि थांबले. शेपूट जुळत नव्हतं. नांगऱ्या असता तर तो म्हाताऱ्यासारखाच प्रथमेत आला असता. मी काकांकडे पाहिलं. ते पाटाकडे बघत होते.

"तृतीया आहे," मी म्हटलं. "नांगराने."

त्यांनी होकाराची मान हलवली.

नांगराने काय? मी पुढचा शब्द घेतला. मी त्याला क्रियापद समजत होते, वाकला किंवा वाकून. पण ते क्रियापद नव्हतं, विशेषण होतं. वाकलेला. कायमचा. कोशात त्यापुढे उदाहरणं होती: वाकडी फांदी, कमानदार शिंग. नांगराने वाकलेला. त्यानंतर दोन छोटे शब्द: होता तसाच. मग जुवाखालून. मग गेला. आणि शेवटी, जे हसत होते ते, गप्प झाले.

मी पेन्सिल खाली ठेवली.

"काका, तो वाकलाच नाही. त्याला वाकावंच लागलं नाही. जन्मभर नांगर धरून त्याची पाठ आधीच तेवढी वाकलेली होती. तो नुसता चालत गेला."

दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी हे लिहिलं होतं, तेही जिंकलेल्यांच्या बाजूच्या माणसाने. त्याने ना म्हाताऱ्याची कीव केली होती, ना सैनिकांना दोष दिला होता. एक शब्द तृतीयेत टाकला आणि पुढे गेला. मधल्या सगळ्या काळात तो शब्द त्याच्या जागी तसाच उभा होता. मला हात जोडावेसे वाटले, पण कोणाला जोडायचे ते कळेना.

मी मान वर केली तर काकांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. ते पुसत नव्हते. काकी पडवीतून उतरून आल्या.

"मी एकवीस वर्षांचा होतो," काका म्हणाले. माझ्याशी की काकींशी ते कळत नव्हतं. "बाबा मला भेटायला सेमिनरीत आले. पहिल्यांदाच. आमच्याकडे तेव्हा रहाट नव्हता. बाबांनी उभा जन्म खांद्यावर कावड घेऊन वाडीला पाणी घातलं. पाठ अशी झाली होती." त्यांनी तळहात वाकवून दाखवला. "राजेळी केळ्यांचा घड घेऊन आले. आम्ही सगळे व्हरांड्यात उभे होतो. ते आत आले, तर एक मुलगा म्हणाला, हा बघा, प्रत्येकाला नमस्कार करत येतोय. दुसऱ्याने त्यांच्यापुढे तसंच वाकून दाखवलं. सगळे हसले. मग एकाने मला विचारलं, तुमच्या गावचा दिसतो, कोण रे हा?"

पाटातलं पाणी आता पार शेवटच्या केळीपर्यंत पोचलं होतं.

"मी म्हटलं, आमच्या वाडीतला गडी आहे."

काकी त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.

"बाबांनी ऐकलं. घड खाली ठेवला. मला म्हणाले, तुमच्या बाबांनी केळी पाठवलीत. आणि परत गेले. जेवले नाहीत, पाणीसुद्धा प्यायले नाहीत. एकोणिसाव्या दिवशी ते गेल्याची तार आली. मी मातीला आलो तो परत गेलोच नाही. फादर रेक्टरांनी माझी पेटी पाठवली, मागून दोन पत्रं पाठवली. त्यांना काय लिहिणार? लोक म्हणाले अभ्यास झेपला नाही. म्हटलं, म्हणू देत."

मग त्यांनी पुस्तकावर हात ठेवला.

"बाबा यायच्या पंधरा दिवस आधी हे पान आम्हाला परीक्षेला होतं. आरात्रो, तृतीया. कारण दाखवणारी. मी अगदी बरोबर लिहिलं होतं. पहिला आलो होतो."

मग काकी बोलल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्या पुस्तकाच्या त्या काळ्या ओळींकडे बघत होत्या, ज्यातलं त्यांना काहीच वाचता येत नव्हतं.

"मी त्यांना पाहिलं नाही कधी," त्या म्हणाल्या. "पण या रोमच्या माणसाला त्यांची पाठ कशी दिसली हो?"

"त्याने नीट पाहिलं असेल," काका म्हणाले. "कोणीतरी असंच त्याच्यासमोरून गेलं असेल."

काकींनी त्यांना घरात नेलं. मी बांबू उपटले, जू पडवीत ठेवलं आणि घरी गेले.

पुढचे दहा दिवस आम्ही त्या पानावरच काम केलं. काका आता स्वतः पुढे बसत. शेवटच्या वाक्याला मी 'ताठ मानेने' वगैरे काहीतरी घालून पाहिलं, तर त्यांनी ते खोडलं. त्याने घातलेलं नाही, आपण घालायचं नाही. शेवटी वाक्य असं झालं: सर्वांच्या मागून, नांगराने वाकलेला एक म्हातारा, होता तसाच, जुवाखालून गेला, आणि जे हसत होते ते गप्प झाले. शब्दांचा क्रम जवळजवळ मुळातलाच. काका ते दोनदा मोठ्याने म्हणाले आणि तिसऱ्या वेळी लॅटिनमध्ये म्हणाले. मला दोन्हीत फरक करता आला नाही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी पान घेऊन सरांकडे गेले. त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, उठून कपाटातून इंग्रजी खंड काढला, जुळवून पाहिलं. मग मला मुळातला शब्द विचारला. मी विभक्तीसकट सांगितला. सरांनी चष्मा काढला. म्हणाले की अठरा वर्षं ते हे पान वर्गात शिकवताहेत, आणि अठरा वर्षं त्यांनी मुलांना सांगितलंय की बघा, शेवटी म्हाताऱ्यानेही मान तुकवली. मग जरा वेळाने त्यांनी कबूल केलं की त्यांना स्वतःला लॅटिन येत नाही. कधीच येत नव्हतं.

"कोणी शिकवलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

पुढच्या रविवारी उकिडवे सर आमच्या गावात आले. इनासकाकांनी त्यांना खुर्ची दिली, ती बाजूला सारून सर गोणपाटावर बसले आणि वही उघडली. काकींनी चहा आणि सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, आणून ठेवली. काका पाट सोडायला उठले, तसे सर बूट काढून त्यांच्यामागून चिखलात उतरले. नाविस म्हणजे नाव. सर पुढे सहा वर्षं येत राहिले. गावात मग जे काय बोललं जायचं ते बोललं गेलं. एका रविवारी चर्चच्या पायरीवर कोणीतरी काकांना सरळच विचारलं, एवढं येत होतं तर परत का आलास? काकांनी त्याला खरं ते सांगितलं, सगळ्यांसमोर. काकी त्यांच्या शेजारी उभ्या होत्या.

काका एकोणनव्वद साली गेले. तोवर माझा प्रबंध झाला होता आणि आम्ही दोघांनी मिळून पाचांपैकी साडेतीन खंड मराठीत आणले होते. उरलेलं मी एकटीने केलं. ते अजून छापलेलं नाही.

मी विद्यापीठात सव्वीस वर्षं शिकवलं. शेवटची अकरा वर्षं लॅटिनचा एक छोटा वर्ग घेत होते. दर वर्षी सहा-सात मुलं असायची. परीक्षेत हे पान मी दर वर्षी घालत असे. हुशार मुलं तृतीया बरोबर ओळखत. म्हातारा आधीच वाकलेला होता, हेही ती नेमकं लिहीत, एकविसाव्या वर्षी काकांनी लिहिलं होतं तसंच. मी त्यांना पूर्ण मार्क देत असे आणि काही बोलत नसे.